वाऱ्याला आडोसा, पाण्याला उंची

(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेत वादळाच्या तयारीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी देत आहोत. पुढच्या ग्रामसंघ बैठकीत हा लेख मोठ्याने वाचावा, ही विनंती.)



मे महिना म्हणजे आपल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आंबोशी वाळत घातलेली, कोकमाचं आगळ भरायचं, सुकट-बोंबील डब्यात घालायचे, पावसाळ्याची लाकडं आत घ्यायची. त्यात मी वादळाचा विषय काढला की तुम्ही म्हणणार, ताई, आता तर आभाळ निरभ्र आहे. म्हणूनच आज काढते. आभाळ काळं झाल्यावर बोलायला वेळ नसतो आणि ऐकायलाही कुणी नसतं.

अरबी समुद्रात वादळं मुख्यतः दोन हंगामांत होतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. दुसरा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, होड्या समुद्रात असताना. निसर्ग आलं ३ जून २०२० ला. तौक्ते मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याला समांतर वर गुजरातेकडे गेलं, तरी जाता जाता कोकणातल्या बागा झोडपून गेलं. म्हणजे पहिला हंगाम आता चालू आहे.

निसर्गने काय केलं, आणि काय केलं नाही

निसर्ग वादळ आपल्या रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ जमिनीवर आलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. ते काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. पत्रे कागदासारखे उडाले, कौलं गेली, नारळ-सुपारीच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, फोन बंद पडले. मुंबईतल्या माणसांना घरच्यांचा आवाज ऐकायला कित्येक दिवस थांबावं लागलं.

त्यामुळे आज कुणालाही विचारा, वादळ म्हणजे काय, तर ती म्हणते वारा. तयारी काय केली, तर म्हणते पत्रे बांधले, आंब्याची फांदी तोडली. चांगलंच केलं. पण पाण्याचं काय, असं विचारलं की गप्प होते. कारण त्या दिवशी पाणी त्या मानाने आलं नाही.

का आलं नाही, ते नीट समजून घेऊ या. आजचा सगळा विषय त्यात आहे.

हवामान खात्याने त्या वेळी वाऱ्याबरोबर पाण्याचाही इशारा दिला होता. मुंबई, ठाणे आणि रायगडच्या सखल भागात नेहमीच्या भरतीपेक्षा १ ते २ मीटर जास्त पाणी चढेल, असा. एक मीटर म्हणजे कमरेपर्यंत. दोन मीटर म्हणजे आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरून. आणि हे भरतीच्या पाण्याच्या वर, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या कोळीवाड्यातल्या आज्यांचं गणित करू. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. ३ जून २०२० ला ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. थोडं मागेपुढे धरा, म्हणजे सकाळी नऊ-दहाला भरती आणि रात्री पुन्हा तेवढ्यालाच. वादळ जमिनीवर आलं दुपारी. म्हणजे पाणी उतरत असताना, ओहोटीला. वाऱ्याने समुद्र वर ढकलला खरा, पण त्याच वेळी समुद्राचं स्वतःचं पाणी खाली चाललं होतं.

तेच वादळ दोन दिवसांनी आलं असतं तर? ५ जूनला वटपौर्णिमा होती. पौर्णिमेचं उधाण, आणि पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण दुपारी बाराच्या आसपास भरती टोकाला. तीच वेळ, तोच वारा, आणि खाली उधाणाची भरती. आपल्या खालच्या वाडीची, बंदराजवळच्या घरांची, खाजणाच्या बांधालगतच्या वस्तीची काय गत झाली असती, याचा प्रत्येकीने आपल्या उंबऱ्यावर उभं राहून विचार करावा.

म्हणून मी म्हणते, निसर्गने आपल्याला वारा शिकवला, पाणी शिकवलं नाही. पुढचं वादळ तिथी बघून येणार नाही.

वादळाचं पाणी कसं येतं

काही जणींना वाटतं, सिनेमात दाखवतात तशी एक मोठी लाट येईल आणि आपल्याला लांबून दिसेल. तसं नसतं. वादळाचा वारा तासन्‌तास समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ, पाण्याला खाली जायला जागा नाही, म्हणून ते वर चढतं. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, त्यानेही पाणी थोडं फुगतं, पण खरा जोर वाऱ्याचा. हे पाणी भरतीसारखंच चढतं, फक्त फार भराभर, आणि वरून लाटा आपटत असतात.

खाडीकाठच्या तायांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. खाडी तोंडाशी रुंद आणि आत अरुंद होत जाते. आत शिरलेलं पाणी अरुंद जागेत आणखी वर चढू शकतं. त्यामुळे समुद्र दिसत नाही म्हणजे आपण सुरक्षित, असं नाही. पाणी पुढच्या दारातून न येता मागच्या खाजणातून येतं. आणि पुष्कळ वाड्यांचा रस्ता त्या खाजणातूनच जातो. म्हणजे घरात पाणी यायच्या आधी रस्ता जातो. घरात पाणी आल्यावर निघू, असं म्हणणारीला निघायला वाटच उरत नाही.

वादळ कुठून जाणार, यावरही पाणी अवलंबून असतं. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ समुद्रातून आपल्या किनाऱ्यावर आलं, तर त्याच्या मध्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि दक्षिणेला समुद्राकडून जमिनीकडे. म्हणून बातमीत सांगितलं की वादळ आपल्या उत्तरेला धडकणार, तर हुश्श करू नका. पाणी ढकलणारा वारा दक्षिणेच्याच बाजूला असतो.

एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. त्यात सुटलेली होडी, ओंडके, पत्रे वाहत येतात. या पाण्याशी झुंज द्यायची नसते.

म्हणून दोन वाक्यं पाठ करा आणि पोरांकडूनही करून घ्या. वाऱ्याला आडोसा. पाण्याला उंची. वारा आला तर भक्कम घरात आत बसायचं. पाणी येणार असेल तर घर सोडून उंचावर जायचं, आणि वारा सुटायच्या आधी जायचं. ज्यांचं घर वरच्या आळीत आहे आणि भक्कम आहे, त्यांनी घरातच थांबावं. ज्यांचं घर खाली आहे, त्यांचं घर स्लॅबचं असलं तरी निघावं. आधी आपलं घर यातलं कुठलं, एवढं ठरवा.

घर कोण सोडणार, हे कोण ठरवणार

आता जरा अवघड बोलते.

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशात मोठं वादळ आलं. सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. नंतर अभ्यास झाले, तेव्हा दिसलं की पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त मेल्या. त्यामागची कारणं तुम्हाला परकी वाटणार नाहीत. बायका मुलांना आणि म्हाताऱ्यांना सोडून निघाल्या नाहीत. घर, कोंबड्या, शेळ्या राखत बसल्या. घरातला पुरुष नव्हता, त्याला न विचारता बाहेर कसं पडायचं म्हणून थांबल्या. निवाऱ्यात परक्या पुरुषांत रात्र काढायची लाज वाटली. पाण्यात अंगावरची साडी पायात अडकली.

त्याच देशात आज वादळाची सूचना घरोघरी पोचवणाऱ्या स्वयंसेवकांत जवळजवळ निम्म्या बायका आहेत. बाईने दारात येऊन सांगितलं की बाई निघते, हे त्यांना कळलं.

आपल्या देशातलं सांगते. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात सुमारे १० हजार माणसं गेली, त्यातली बरीचशी पाण्याने. २०१३ मध्ये तिथेच फायलिन नावाचं मोठं वादळ आलं. त्या वेळी सुमारे १० लाख माणसं आधीच हलवली होती. मृत्यू पन्नासच्या आत राहिले. दोन्ही वादळं जबरदस्त होती. मधल्या १४ वर्षांत निवारे बांधले, सूचना पोचवायची सोय केली आणि माणसं वेळेत उठायला शिकली.

आता आपल्या वाडीचं बघा. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला, पुण्याला, नाहीतर बोटीवर. घरात सासू, आपण आणि मुलं. इशारा आला की आपण काय करणार? फोन करणार, अहो, काय करू? तो म्हणणार, थांब जरा, बघतो, परत फोन करतो. आणि परत फोन लागणारच नाही, कारण टॉवर बंद. मग आपण त्या फोनची वाट बघत बसणार.

म्हणून आजच रात्री घरी गेल्यावर फोन लावा आणि बोलून घ्या. सांगा, गटात ठरलंय, लाल इशारा आला की मी मुलांना आणि आईंना घेऊन अमुक ठिकाणी जाणार. तेव्हा तुम्हाला विचारायला थांबणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. कुणाचाही नवरा शहाणा असेल तर हो म्हणेल. आणि सासूबाईंना विश्वासात घ्या. मी घर सोडून कुठं जाणार नाही, असं म्हणणारी एक तरी आजी प्रत्येक घरात असते. तिला वादळाच्या दिवशी समजावत बसलात तर दुपार जाते. तिला आत्ता समजवा. देव्हाऱ्यातले टाक पिशवीत कोण घेणार, ते तिच्याशी ठरवा. देव बरोबर निघाले की आजीपण निघते.

आणि काही जणी म्हणतील, मागे एकदा एवढं सांगितलं होतं, काही आलं नाही. खरं आहे. जून २०१९ मध्ये वायू नावाचं वादळ गुजरातवर येणार म्हणून लाखो माणसं हलवली, आणि वादळ किनाऱ्याजवळून समुद्रात वळलं. पण हिशोब करा. आपण गटात व्याजाचा हिशोब करतो ना, तसा. फुकट निघालो तर एक दिवसाची मजुरी आणि एक रात्र शाळेच्या फरशीवर. निघायला हवं होतं आणि निघालो नाही, तर त्याची भरपाई कुठल्या कर्जातून करणार?

इशाऱ्याचे रंग आणि आपली कामं

वादळ येण्याच्या सुमारे ४८ तास आधी पिवळा इशारा येतो. सुमारे २४ तास आधी केशरी. सुमारे १२ तास आधी लाल. मौसम आणि सचेत ही सरकारी ॲप आहेत, गटातल्या एका तरी मुलीच्या फोनवर घालून ठेवा. बॅटरीवर चालणारा एक रेडिओ ग्रामसंघाने घ्यावा. व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेला जुना व्हिडिओ पुढे पाठवू नका. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तिथं विचारून खात्री करा.

पिवळा इशारा आला की: सगळे फोन आणि बॅटऱ्या चार्ज करा. पिण्याचं पाणी भरून झाका. विहिरीत खारं पाणी शिरलं तर बरेच दिवस तिचा उपयोग नाही. आठ-दहा दिवसांचं औषध घ्या, विशेषतः बीपी-शुगरवाल्यांचं. सुकट, पापड, पिठं उंच माळ्यावर, प्लास्टिकच्या पिंपात. दिवस भरत आलेली जी बाई असेल, तिला याच दिवशी दवाखान्याच्या गावी हलवा. वादळात झाड आडवं पडल्यावर १०८ ची गाडी येणार कुठून?

केशरी इशारा आला की: अंगणातलं सगळं सुटं सामान आत. बादली, पाट्या, खुर्च्या, पत्र्याचा तुकडा, सगळं. वाऱ्यात तो पत्रा कोयत्यासारखा येतो. शेळ्या आणि गुरं वरच्या वाडीत पोचवा. ते जमलं नाही तर निघताना दावी सोडा. दाव्याला बांधलेलं जनावर हमखास बुडतं. खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या, आजारी, अपंग आणि बाळंतीण बायकांना आजच हलवा.

लाल इशारा आला की: उजेड असतानाच निघायचं. गॅस बंद, विजेचं मेन स्विच बंद. साडी नेसलेली असाल तर काष्टा घाला, नाहीतर ड्रेस घाला. केस घट्ट बांधा. पायात चप्पल हवीच. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद, प्लास्टिकच्या पिशवीत.

निघतानाची पिशवी आधी भरून ठेवायची. आधार, रेशन कार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती, बँक पासबुक, औषधं, टॉर्च, थोडी रोकड, मुलांचा सुका खाऊ, पॅड किंवा कापड. गटाच्या सचिवांनी गटाचं इतिवृत्त, कर्ज वही, पासबुक आणि चेकबुक वेगळ्या पिशवीत घ्यायचं. दहा-बारा वर्षांच्या बचतीचा पुरावा त्या वहीत आहे. आजच त्या पानांचे फोटो काढून दोघी-तिघींच्या फोनमध्ये ठेवा.

वाऱ्यासाठी घर

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ६० च्या वाऱ्यात टिकलेलं छप्पर १२० च्या वाऱ्यात टिकेलच असं नाही. वारा छपराला वरून दाबतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही, तो वळचणीखाली शिरतो आणि छप्पर उचलतो. म्हणून नुसते दगड किंवा वाळूची पोती ठेवून भागत नाही. पत्र्याचे हूक गंजलेत का, नट सैल आहेत का, रीप कुजली आहे का, हे या महिन्यात कुणाला तरी वर चढवून बघून घ्या. कडेच्या ओळीत आणि कोपऱ्यात हूक जास्त लागतात, कारण पत्रा तिथूनच उचकटायला लागतो. वळचण फार बाहेर काढली असेल तर ती वाऱ्याला हातात धरायला कड दिल्यासारखी होते. दोर बांधायचा तर जमिनीत पुरलेल्या भक्कम खुंट्याला. झाडाला नाही. झाड पडताना छप्पर घेऊन पडतं.

वादळात दारं-खिडक्या घट्ट बंद. एखादी खिडकी उघडी ठेवली की हवा निघून जाते, असं म्हणतात, ते चुकीचं आहे. वारा आत शिरला की तो आतून छप्पर ढकलतो. पडवीत थांबू नका. घराच्या मधल्या खोलीत, खिडकीपासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात बसा. घरावर मोठा आंबा किंवा माड वाकलेला असेल तर त्या दिवशी शेजारणीकडे जा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मध्येच वारा एकदम थांबला, आभाळ उजळलं, तर वादळ संपलं असं समजू नका. वादळाचा मधला भाग डोक्यावरून जात असेल तर काही वेळ अगदी शांत होतं. मग उलट्या दिशेने वारा सुटतो. आपल्या किनाऱ्यावर तो दुसरा वारा समुद्राकडून येतो. त्या शांततेत पत्रे गोळा करायला आणि पडलेले आंबे वेचायला बाहेर पडणाऱ्यांचा घात होतो. रेडिओवर सांगेपर्यंत बाहेर नाही.

पंचनाम्याची तयारी वादळाआधी

वादळानंतर तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. त्या वेळी काय होतं ते होतं, हे सांगायला कागद लागतो. निसर्गनंतर बागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये मदत जाहीर झाली होती. ऐकायला मोठी रक्कम. पण आपल्या बागा गुंठ्यांत. हेक्टरात जवळजवळ शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पाचशे. पाच गुंठ्यांत सुपारी, नारळ, जायफळ, मिरी सगळं लावलेल्या बाईच्या वाट्याला अडीच हजार. एका सुपारीला फळ धरायलाच पाच-सहा वर्षं जातात. हा प्रश्न आपल्याला ग्रामसभेत मांडत राहावाच लागेल. पण निदान क्षेत्राची नोंद तरी बरोबर हवी.

म्हणून या महिन्यात झाडं मोजा. किती नारळ, किती सुपारी, किती आंबे, वहीत लिहा. बागेचा, घराचा, गोठ्याचा, सुकट वाळवायच्या जागेचा फोटो काढा. सातबाऱ्यावर पीकपाहणीत बाग लागली आहे का, ते बघा. घर दोघांच्या नावावर लागलंय का, तेही बघा. नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे, आणि नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू त्यात येतो. खात्यातून हप्ता कापला गेलाय का, हे बँक सखीकडून या आठवड्यात तपासून घ्या.

वादळ गेल्यावर आवराआवर करायच्या आधी पुन्हा फोटो. पडलेल्या तारेला हात लावू नका, ती मेली आहे असं समजू नका. पाणी शिरलेल्या घरात साप असतात, काठीने वाजवत आत जा. विहीर उपसून, टीसीएल टाकून, तपासल्याशिवाय पिऊ नका.

ग्रामसंघाने ठरवायच्या पाच गोष्टी

सरकारची माणसं येतील, त्यांची वाहनं येतील. पण खालच्या वाडीतली कोणती म्हातारी ऐकायला कमी आहे, कोणती बाई एकटी राहते, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, हे त्यांना माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. आपण दर आठवड्याला एकमेकींच्या घरी बसतो. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं ठरवा, आणि इतिवृत्तात लिहा.

एक. वाडीतल्या घरांची यादी करा. कोणतं घर पाण्याच्या वाटेत, कोणतं नाही. उधाणाला पाणी कुठवर येतं, ते आज्यांना विचारा आणि त्याच्यावर दोन मीटर धरा.

दोन. खालच्या प्रत्येक घराला वरच्या आळीतलं एक घर जोडा. पंधरा घरांची जोडी लागली तर शाळेवर भार येत नाही, आणि ओळखीच्या घरी जायला कुणाला संकोच वाटत नाही.

तीन. शाळा किंवा समाजमंदिर निवारा म्हणून धरलं असेल तर आधी जाऊन बघा. छप्पर पत्र्याचं असेल तर तो वाऱ्यात निवारा नाही. जागा सखल असेल तर पाण्यात नाही. संडासाला कडी आहे का, पाणी आहे का, बायकांना वेगळी खोली मिळेल का, दिवा आहे का. हे नसेल तर महिला सभेत मागा. आणि शाळेची किल्ली कुणाकडे असते? मे महिन्यात गुरुजी सुट्टीला गावी जातात. दुसरी किल्ली ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडे हवी, असं लेखी मागा.

चार. प्रत्येक एकट्या, आजारी, गरोदर बाईसाठी दोघींची नावं लिहा. एकीचं नको, दोघींची. ती घरातून निघाली का, हे बघायची जबाबदारी त्या दोघींची.

पाच. फोन चालणार नाही असं धरून खूण ठरवा. देवळाची घंटा, थाळी, काहीही. ती वाजली की निघायचं, आणि वाजवायचा अधिकार कुणाला, तेही ठरवा.

मैत्रिणींनो, गट काढला तेव्हा आपल्याला घरातून विचारलं होतं, बायका काय पैसे सांभाळणार? आपण सांभाळले. कर्ज घेतलं आणि फेडलं. आता वाडीतली माणसं वेळेत उठवायचं काम आहे. त्याला पैसे लागत नाहीत. आधी ठरवलेलं लागतं आणि एकमेकींचा शब्द लागतो.

पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येक ग्रामसंघाने आपली घरांची यादी आणि जोड्या घेऊन यायचं आहे. मी एकेकीचं नाव घेऊन विचारणार आहे. आणि आज घरी गेल्यावर आधी तो फोन. स्वयंपाक नंतर.